आत्यासाठी मी जागा पाहिली

वाशीममध्ये उतरायला सगळ्यांत सुरक्षित जागा कोणती, हे मी खात्रीनं सांगू शकतो. त्या जागेतून बाहेर पडायला आम्हा तिघांना एक शिडी, कापसाच्या तीन गाठी आणि अर्धा मोहल्ला लागला होता.

गोष्ट इंग्रजांच्या अमदानीतली. मी नुकताच सातवीची फायनल पास होऊन आमच्या किन्हीराजाच्या शाळेत मास्तर झालो होतो. अंगात कोट, खिशात शाईचा पेन आणि डोक्यात भरपूर हवा. माझी आई मी लहान असतानाच गेली. मला वाढवलं ते आत्यानं, म्हणजे वडिलांच्या थोरल्या बहिणीनं. ती ऐन तरुणपणी विधवा होऊन माहेरी आली आणि गावापासून दूर मळ्यातल्या घरात राहिली ती कायमची. त्या घरासमोरून दिवसाकाठी चार गाड्या जायच्या आणि चारही गाडीवाले तिच्या ओळखीचे.

मला पहिला पगार झाला तेव्हा मी तिला विचारलं, "आत्या, तुला काय आणू? लुगडं?"

"लुगडे हायेत," आत्या म्हणाली. "मले आठ दिस कोन्या शयरात ओट्यावर बसून मानसं पाहाची हायेत. ओयखीची नाही. नवी."

एवढंच मागणं. उभ्या जन्मात तिनं माझ्याकडे दुसरं काही मागितलं नाही, हे मी आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढं मी काय केलं त्याची लाज वाचकांनाही नीट वाटेल.

दिवाळीची सुट्टी ठरली. वाशीमही ठरलं. राहता राहिली जागा. जागा दोन अंगांनी पाहायची होती. एक म्हणजे वर्दळ हवी, आत्यासाठी. दुसरी म्हणजे सुरक्षित हवी, कारण मंजुळाजवळ, म्हणजे माझ्या बायकोजवळ, लग्नातलं सगळं सोनं होतं आणि ते घरी ठेवून यायला ती तयार नव्हती.

वाशीमच्या वाटेवरच्या मालेगावात करीम नावाचा शिंपी माझा मित्र होता. माझा कोट त्यानंच शिवलेला. त्याला मी ही अडचण सांगितली तर तो मशीन थांबवून हसला.

"मास्तर, यात काय पाहाचं? माही खाला वाशीमले राह्यते. अंगनातली खोली रिकामी हाय. गल्लीत पिंजारी, कासार, अत्तरवाले, दिवसभर मानसंच मानसं. अन् चोराची त हिंमतच नाही, सारी गल्ली एका घरावानी हाय."

बाजाराच्या दिवशी तो स्वतः मला घेऊन गेला. खाला, म्हणजे त्याची मावशी, साठीची, बारीक अंगाची, तोंडात पान. तिनं मला खोली दाखवली, ओटा दाखवला, आणि तुमच्या चुलीसाठी ही जागा, पाण्याच्या घागरी वेगळ्या ठेवायला हा कोपरा, असं सगळं न विचारता सांगून टाकलं. ओट्यासमोरून खरोखरच माणसांचा पूर वाहत होता. कापूस पिंजणाऱ्याच्या धनुकलीचा आवाज, बकऱ्या, बांगडीवाल्यांची भांडणं. आत्यासाठी देवानंच मांडून ठेवल्यासारखं.

"चुना मार के रखती मैं," खाला म्हणाली. "तुम आत्या को लेके आओ बेटा."

मी म्हणालो, "कळवतो."

आता का कळवतो म्हणालो, ते सांगायला हवं. स्वतःला मी सांगितलं की आत्या जुन्या वळणाची, तिला हे चालणार नाही. खरं कारण हे की गावात लोक काय म्हणतील याची मला धास्ती पडली. फायनल पास मास्तर आणि उतरला कुठे, तर मुसलमानांच्या गल्लीत, बकऱ्यांशेजारी. मला दाखवायला काहीतरी भारदस्त हवं होतं.

करीमला मालेगावची घाई होती, तो गेला. मी मात्र मोठ्या रस्त्यानं वळसा घालून दुसऱ्या बाजूला आलो आणि भारदस्त जागा मला तत्काळ सापडली. एका शेठची कापसाची वखार. दगडी भिंत, लोखंडी पट्ट्या मारलेलं फाटक, आत विटांचं बैठं घर. आणि फाटकासमोरच्या रस्त्यावर ही गर्दी! गाड्यांची रांग, भज्यांची कढई, पाणी पाजणारे, दोन शिपाई. मी शेठना भेटलो. त्यांचे मुनीम दिवाळीला गावी जाणार होते, त्यांच्या दोन खोल्या रिकाम्या होत्या. शेठ भला माणूस. मास्तर म्हटल्यावर लगेच द्यायला तयार झाले.

"पण जागा सुरक्षित आहे ना?" मी विचारलं.

"अगदी."

"बायकामाणसं आहेत. सोबत दागिने आहेत."

"काळजी नको."

"नाही, म्हणजे पूर्ण सुरक्षित?" मी तिसऱ्यांदा विचारलं.

शेठनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाले, "मास्तर, पाखरू आत येणार नाही असा बंदोबस्त ठेवतो."

तो बाजाराचा दिवस होता, कापसाच्या गाड्या बाजाराच्या दिवशीच येतात आणि भजीवाला गाड्यांमागून येतो, एवढी साधी गोष्ट फायनल पास माणसाच्या लक्षात आली नाही.

राहता राहिला करीम. त्याला नाही म्हणायची हिंमत माझ्यात नव्हती. म्हणून मी निरोप धाडला की आत्या एकाएकी फार आजारी पडली, वाशीमचा बेत रद्द. हा निरोप पुढे खालापर्यंत पोचला. आठ दिवसांनी मालेगावहून आलेल्या एका माणसाबरोबर चिनी मातीची एक बरणी माझ्याकडे आली. खालानं आजारी आत्यासाठी आवळ्याचा मुरब्बा केला होता, वेलदोडा घालून. ही बरणी आत्याला कशी द्यायची? तिला कुठला आजार झाला म्हणून सांगायचं? मंजुळाला मी सांगितलं, एका विद्यार्थ्याच्या घरून आला आहे. अर्धा तिनं खाल्ला. अर्धा मी. (फार चांगला होता.)

किन्हीराजाहून आम्ही शेजाऱ्याच्या बैलगाडीनं निघालो. रात्रीचा मुक्काम मालेगावच्या अलीकडे एका वस्तीवर केला आणि भल्या सकाळी मालेगावात शिरलो. वाशीमचा रस्ता करीमच्या दुकानावरूनच जातो. दुकान दिसायला लागलं तसा मी वाकळ डोक्यावरून ओढून गाडीत आडवा झालो.

"काय झालं रे नामा?" आत्यानं विचारलं. "ताप आला काय?"

"थंडी वाजते," मी वाकळीतून म्हणालो.

करीम दुकानाच्या पायरीवर कडुनिंबाच्या काडीनं दात घासत बसला होता. त्यानं आत्याला कधी पाहिलेलं नव्हतं, आत्यानं त्याला. आत्याला तर नवी माणसं पाहायची हौस. तिनं गाडी थांबवायला लावली.

"काहो बापू, वाशीमचा रस्ता हाच काय?"

"हाच, माय. नाकासमोर जा. कोन बिमार हाय गाडीत?"

"भाचा हाय. काललोग चांगला होता."

"असंच होते," करीम कळवळून म्हणाला. "माह्या दोस्ताची आत्या हाय, थे बी अशीच एकाएकी पडली. वाशीमले वैद्याले दाखवा लवकर."

"किती चांगला मानूस हाय," गाडी पुढं निघाल्यावर आत्या म्हणाली. मी वाकळीत घामानं निथळत होतो. मंजुळानं वाकळीचं टोक उचलून माझ्याकडे पाहिलं आणि ते परत टाकलं. लग्नाला दोनच वर्षं झाली होती, पण तिला मी एव्हाना पाठ झालो होतो.

वाशीमला पोचलो तेव्हा दुपार व्हायला आली होती. वखारीचा रस्ता पाहून मला वाटलं, गाडीवान चुकला. एक माणूस नाही. भजीवाल्याच्या चुलीच्या जागी राख होती आणि राखेत एक कुत्रं झोपलेलं.

"मानसं कुठीसा हायेत?" आत्यानं विचारलं.

"जेवायला गेली असतील," मी म्हणालो.

राखणदार गणपतनं फाटक उघडलं, आमचं सामान आत घेतलं, आमची गाडी परत गेली. मुनिमांच्या खोल्या स्वच्छ होत्या. समोर ओटाही होता. आत्या हातपाय धुऊन, नवं नऊवारी नेसून ओट्यावर जाऊन बसली. समोर दगडी भिंत होती. तिनं थोडा वेळ भिंत पाहिली. मग उजवीकडे पाहिलं, तिकडे कापसाच्या गाठी होत्या. डावीकडे बंद फाटक. भिंतीच्या पलीकडून मात्र गजबज ऐकू येत होती, धनुकलीचा आवाज, बकऱ्या, कोणी तरी कोणाशी भांडत होतं.

"थ्या तिकडं काय हाय?" आत्यानं विचारलं.

तो आवाज मी बाजाराच्या दिवशी ऐकला होता. मी मोठ्या रस्त्यानं वळसा घालून आलो होतो ना, त्यामुळे कळलंच नव्हतं. खालाची गल्ली बरोबर या भिंतीमागं होती.

"तिकडे काही नाही," मी म्हणालो. "चल, आपण बाजारात फिरून येऊ."

आम्ही तिघं फाटकापाशी गेलो. फाटक उघडेना. मी ढकललं, ओढलं, मग फटीतून पाहिलं. बाहेरून कुलूप होतं, नारळाएवढं. गणपतला हाका मारल्या. गणपत नव्हता. शेठनी त्याला सांगितलं होतं की आत दागिनेवाली बायकामाणसं आहेत, मास्तर फार भितात, कुलूप लावल्याशिवाय जागचं हलू नको. त्यानं कुलूप लावलं आणि हलला, तो थेट आपल्या बहिणीकडे, फराळाला.

"सुरक्षित हाय खरी जागा," मंजुळा म्हणाली. त्या दिवसातलं तिचं हे पहिलं वाक्य.

घागरीत पाणी अर्धा तांब्या. आवारात विहीर नव्हती. ऊन चढलं. मी फटीला तोंड लावून हाका मारत राहिलो. शेवटी बकरी घेऊन जाणारा एक म्हातारा थांबला.

"कोन हाय रे आत?"

"मी. मास्तर."

"कोन्ता मास्तर?"

"किन्हीराजाच्या शाळेतला."

"मंग वाशीमच्या वखारीत काय करून राह्यला?"

"सुट्टीसाठी आलोय."

म्हातारा विचारात पडला. त्यानं कुलूप हलवून पाहिलं. "कुलुपाच्या आत सुट्टी?"

"ते बाहेरून कोणी तरी लावलं हो. सोबत बायका आहेत, बायकांचे दागिने आहेत, आम्हाला बाहेर काढा."

हे मी बोलायला नको होतं. म्हाताऱ्यानं बकरीची दोरी हाताला गुंडाळली, दोन पावलं मागं सरला आणि जो पळाला तो ओरडतच. "वखारीत चोर हायेत. लय हायेत. बायका बी हायेत. दागिने हायेत थ्याइच्याजोळ." त्याचा आवाज कोपऱ्यावरून वळला आणि थोड्या वेळानं भिंतीपलीकडे गेला. तिकडची धनुकली थांबली.

मी ठरवलं, वाट पाहण्यात अर्थ नाही. कापसाच्या तीन सैल गाठी एकावर एक लोटल्या, आम्ही तिघांनी मिळून, म्हणजे मुख्यतः आत्यानं, आणि मी त्यावर चढलो. भिंतीच्या वर डोकं काढलं तर समोर वीतभर अंतरावर दुसरं डोकं होतं. पलीकडून एक पिंजारी शिडी लावून चढत होता. त्याच्यामागं काठ्या घेतलेली माणसं, त्यांच्यामागं बायका, छपरांवर पोरं.

"उतर खाली," तो म्हणाला आणि त्यानं माझी गचांडी धरली. करीमनं शिवलेल्या कोटाची.

घाबरलो की माझी पुस्तकी भाषा मला सोडून जाते. "मले सोड बाप्पा," मी ओरडलो, "मी मास्तर हावो."

"मास्तर ही है, मैंने पहले देखा ये आदमी," गर्दीतून बायकी आवाज आला. पानानं लाल झालेलं तोंड, बारीक अंग. खाला वाट काढत पुढं आली. "छोडो उसको. करीम का मास्तर है ये."

मला सोडलं. त्या क्षणी मला चोर म्हणून धरून नेलं असतं तरी चाललं असतं, इतकं मला पुढचं दिसत होतं.

"क्यों बेटा," खाला खालून म्हणाली, "तुम तो बोले थे आत्या बहोत बीमार है, आना नहीं होता करके?"

आत्या तोवर माझ्या बाजूला गाठींवर चढून उभी राहिली होती. नवं लुगडं, खोचलेला पदर, हातात काठी म्हणून आवारातून उचललेली गाडीची जुनी उभारी, म्हणजे दांडका. भिंतीवरून तिनं खाली पाहिलं.

"कोन बीमार हाय?"

"किन्हीराजा वाली आत्या."

"किन्हीराजाची आत्या त मीच हावो."

खालानं तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "अल्ला का शुक्र है. मुरब्बे से आराम पड्या ना?"

"कोन्ता मुरब्बा?"

साठ-सत्तर माणसं होती. सगळी माझ्याकडे पाहत होती. मागं गाठींच्या पायथ्याशी मंजुळा उभी होती, तिचा हात हळूच तोंडावर गेला. आत्यानं माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी लहानपणी एकदा पाहिली होती, दुधात पाणी घातलं होतं तेव्हा.

पुढं भिंतीवरच खुलासा झाला. मी गाठीवर, आत्या भिंतीवर बसलेली, खाला शिडीच्या तिसऱ्या पायरीवर. खोली, चुना, घागरींचा कोपरा, निरोप, बरणी, सगळं खालानं सांगितलं. तिच्या आवाजात राग नव्हता, नुसती चौकशी होती. तेच जड गेलं.

"काहून रे, नामा?" आत्या म्हणाली. "माह्या नावानं आजार काहून सांगतला?"

"मला वाटलं, तुला चालणार नाही. इथं राहणं."

"मले इचारलं होतं?"

"नाही."

"चूल माही, घागर माही, ओटा थ्या बाईचा. मले काय चालत नाही थे तू ठरोनार? मले मानसं पाहाची होती. तुनं मले भित दाखोली."

खरं उत्तर एवढंच होतं की, गाव काय म्हणेल. पण ज्यांच्याबद्दल ते होतं तीच माणसं समोर उभी असताना तोंडातून निघेना. न बोलताही बहुधा कळलं. पिंजाऱ्यानं नजर दुसरीकडे वळवली.

खालानंच शिडी घट्ट धरली. "आओ आपा, धूप लग रही," ती म्हणाली, आणि आत्या पाय सोडून भिंतीपलीकडे उतरली. तिच्यामागं मंजुळा. दागिन्यांची ट्रंक पिंजाऱ्यानं डोक्यावरून नेली. मी सगळ्यांत शेवटी उतरलो तेव्हा आत्या ओट्यावर पाणी पीत होती आणि दागिन्यांच्या ट्रंकेवर खाला स्वतः बसली होती, राखण म्हणून.

खोलीला चुना मारलेला होता. नवा, पांढराशुभ्र. मी दारात उभा राहून पाहत होतो.

"खाला," मी म्हणालो, "मी खोटं बोललो."

"मालूम है," ती म्हणाली. "चुना सूखा भी नहीं था, तुम्हारा निरोप आया." मग पान चघळत म्हणाली, "खोली खाली रखी थी. बीमार है तो क्या, अच्छी होगी तो आयेगी."

एवढं बोलून ती आत्यापाशी जाऊन बसली. मला एखादी शिवी दिली असती तर मी आयुष्यभर तिचे आभार मानले असते.

संध्याकाळी गणपत फराळाचं पुडकं घेऊन परत आला आणि हात जोडत राहिला. खोलीत आत्या, मंजुळा आणि ट्रंकेवर राखणीला खाला, माझ्यासाठी जागा उरली नव्हती. आत्यानं निर्णय दिला. "गनपत, हा वखारीत राह्यन. नीट कुलूप लाव. थ्याले सुरक्षित जागा लागते."

गणपत आज्ञाधारक. सात दिवस मी वखारीत राहिलो. सकाळी तो कुलूप काढायचा, मी गल्लीत जेवायला यायचो आणि पाहायचो, आत्या ओट्यावर. भिंतीवरून आलेली बाई पाहायला दुसऱ्या गल्ल्यांतून माणसं येत होती, आणि आत्या त्या माणसांना पाहत होती. प्रत्येक नव्या बाईला ती हकिकत पहिल्यापासून सांगायची. माझी उंची दर वेळी थोडी कमी व्हायची. चौथ्या दिवशी मी वाकळीत रडत होतो असं झालं. मी दुरुस्ती केली नाही. खालाला हसता हसता ठसका लागत होता, आणि माझ्या आत्याला मी जन्मात तितकं हसताना पाहिलं नव्हतं.

परत येताना मी करीमच्या दुकानापाशी गाडी थांबवली आणि या वेळी उतरलो. त्याला सगळं आधीच कळलं होतं. कोटाची कॉलर उसवली होती, ती त्यानं न मागता हातात घेतली.

"मास्तर," सुईत दोरा ओवत तो म्हणाला, "नाही म्हनले असते त मी काय करत होतो? दुसरी जागा सांगतली असती."

"तुला वाईट वाटलं असतं."

"आता?"

त्यानं कॉलर शिवून दिली, दात लावून दोरा तोडला आणि कोट माझ्या अंगावर चढवून दोन्ही खांद्यांवरून हात फिरवला, शिंपी फिरवतो तसा. मला वाटतं, त्यानं माफ केलं. विचारायची मला आजवर हिंमत झाली नाही.

पुढच्या दिवाळीत सुट्टी लागण्याआधी मी मळ्यात गेलो तर घराला कडी. दुपारी शाळेत पोरांकडून कळलं, आत्या कधीच वाशीमला गेली, खालाकडे, आणि तिला गाडीत बसवून दिलं माझ्याच बायकोनं. घरी येऊन मी मंजुळाला विचारलं, "मला कोणी सांगितलं का नाही?"

ती भाकरी थापत होती. वर न पाहता म्हणाली, "आत्याबाईनंच बजावलं होतं. म्हने, नाम्याले सांगू नोको, थो जागा पाहाले जाईन."